मोहाच्या दारूतला तुकडा

—नाही, त्या स्टुलावर नको, महादेवराव, त्यावर आम्ल सांडलेलं असतं. ती खुर्ची घ्या. आणि टोपी टेबलावर ठेवू नका, काचा मांडलेल्या दिसत नाहीत का? 'तुकडा सडला होता, एवढंच लिहा' — हे सांगायला तुम्ही सिंदीहून भर दुपारी आलात; ऐकलं मी. पुन्हा सांगण्याची गरज नाही. निदान डॉक्टर करतात, मी केवळ तुकडे तयार करते आणि वहीत नोंद ठेवते, तीस वर्षं झाली या कामाला. हा वस्तरा पट्ट्यावर फिरवायचा राहिला आहे, तो फिरवता फिरवता मी बोलते, तुम्ही ऐका.

शवविच्छेदनात तुमच्या पत्नीच्या पाठीचा सुपारीएवढा तुकडा डॉक्टरांनी फॉर्मॅलिनमध्ये टाकून पुनाजी पोलीस शिपायाच्या हाती दिला. फॉर्मॅलिनमध्ये मांस टिकतं, पाण्यात दोन दिवसांत त्याचा लगदा होतो. वाटेत पुनाजी तुमच्या ओसरीवर थांबला — मी इथेच उभं करून विचारलं त्याला, तर म्हणतो कसा, 'बाई, चहा पेलो तेवढंच. शिशी कोनाड्यात ठेवलीवती. मी काऊन खोटं बोलू?' मी झाकण काढलं. फॉर्मॅलिन डोळ्यांना झोंबतं — आणि हा वास मोहाचा. पाण्याला वास नाही, शिपायाला संशय येईल, म्हणून फॉर्मॅलिन ओतून देऊन दारू भरलीत, होय ना? विचार वाईट नव्हता. परंतु तुमच्या घरची दारू पहिल्या धारेची, आणि इतक्या कडक दारूत मांस सडत नाही, महादेवराव, घट्ट होतं. पाणी भरलं असतंत तर आज माझ्या हाती काहीही उरलं नसतं.

तो तुकडा मी या शेगडीवर वितळवलेल्या मेणात मुरवला, मेणाचा ठोकळा केला, ठोकळ्यातून काप काढून काचेवर चढवले, रंगवले. तुम्ही म्हणता, अन्नपूर्णाबाई त्या सकाळी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्या, एकदाच. ताजं रक्त लाल दिसतं. आठवड्यापूर्वी सांडलेल्या रक्तातलं लोह मात्र मांसातच राहतं, आणि माझ्या रसायनात ते निळं होतं. त्यांच्या पाठीत वरचा थर लाल, खालचा निळा, त्याखाली पांढरा वण — आणि वणातही निळे ठिपके. विहिरीच्या पायऱ्या दर आठवड्याला उठून घरात येत नाहीत. तुऱ्हाटीच्या काडीनं इतकं खोल जात नाही. बैलबंडीची उभारी असावी, तो कडेचा जाड दांडा. बरगडीपर्यंत चेचलं होतं — वाकलेल्या बाईला, वरून — कारण पळणाऱ्या माणसाला मार आडवा बसतो, आणि हा...

मनगट सोडा. सोडा म्हणते. तुमच्या हातात माझं मनगट आहे आणि माझ्या मुठीत वस्तरा, आणि तो केसाच्या दहाव्या भागाइतका पातळ काप काढतो. — असं. पाहा, करंगळी हाडापर्यंत गेली आणि तुम्हांला कळलंही नाही. वहीवर रक्त सांडू नका. कापूस त्या बरणीत आहे. बसा. बसा म्हटलं ना.

असा तुकडा मी पहिल्यांदाच पाहते आहे, असं वाटतं तुम्हांला? बावीस वर्षांपूर्वीही पाहिला होता. भागीरथा, माझी धाकटी बहीण, रोहण्याला दिली होती. तिचाही तुकडा माझ्याच टेबलावर आला — लाल, निळा, पांढरा, असाच. मेहुणे हात जोडून बसले, तुम्ही बसला आहात तसेच. आई म्हणाली, लोकांत शोभा होईल. आणि मी — शाळेत शुद्धलेखनाची एक चूक कधी केली नाही अशी मी — स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'तुकडा सडलेला, निदान अशक्य.' काचा स्वतःच्या हातांनी फोडल्या. मेहुण्यांनी पुढच्या वर्षी दुसरी केली. ठोकळा मात्र माझ्यानं टाकवला नाही; बाकी सगळी चितेवर जळाली, मेणातली ती तेवढी नखाएवढी... हे मी तुम्हांला का सांगते आहे? सांगायचं नव्हतं.

—उठू नका. काचांना हात लावू नका, महादेवराव. काचा... फोडल्यात. बरं. पायाखाली चुरडल्यात तरी काय होणार? ठोकळ्यातून आणखी दोनशे काप... नाही, तो ठेवा. तो ठोकळा खाली ठेवा. शेगडीत नको — ऐका माझं, तो तुमचा नव्हे, तो —

मेण फार लवकर पेटतं.

अन्नपूर्णाबाईंचा ठोकळा आणि त्यांच्या काचा डॉक्टरांनी सकाळीच मोहोरबंद करून मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे पाठवल्या. तुम्ही जाळलीत ती भागीरथा. त्या काचाही तिच्याच होत्या; आज बावीस वर्षांनी मी तिचे काप काढले होते — संध्याकाळी डॉक्टरांना दाखवून जुन्या वहीतली ती ओळ खोडायची होती. आता कशाच्या आधारावर खोडू? काचेचा चुरा तुमच्या वहाणेला चिकटला आहे, तो पायपुसण्यावर झटका — नाही, राहू द्या, मी वेचते. एकही तुकडा इथून बाहेर न्यायचा नाही. वहाणा इथेच काढा आणि अनवाणी जा.

बाहेर बाकावर पुनाजी बसला आहे. तुमच्याचसाठी. त्याला आज चहा विचारू नका.