हात आहे माझा त्यात

...आणि वर विचारतात, "काय शिकून आलास?" अहो, गल्लीतली टोमॅटोवाली विचारते, चर्चमधले पाद्री विचारतात, ज्याला मी जन्मात पाहिलं नाही असा माणूस ट्रोट्रो गाडीच्या खिडकीतून मुंडी बाहेर काढून विचारतो, "काय रे न्यार्को, हॉलंडला गेला होतास ना, काय शिकून आलास?" काय सांगू? गटारं! कॉलेजनं गटारं शिकायला पाठवलं होतं मला, कारण आपल्या कुमासी शहरात पाणी तुंबलं की गटार कुठलं नि रस्ता कुठला ते कळत नाही, आणि तिकडचे लोक म्हणे समुद्राला भिंत घालून पलीकडे खुशाल घोरतात. शिकलो ना तेही! पण तुम्हाला सांगतो, खरं शिकलो ते वेगळंच, आणि ते सांगताना अजून कान तापतात माझे.

आता आपल्याकडे कसं, आपण जेवत असलो आणि कुणी आलं, की म्हणायचं, "या जेवायला!" म्हणायचंच! वैरी आला तरी. आणि आलेल्यानं म्हणायचं, "हात आहे माझा त्यात," म्हणजे मी जेवल्यातच जमा, चालू द्या तुमचं. संपलं! तो त्याच्या वाटेनं, आपण आपल्या घासाकडे. हे कुणी शिकवावं लागतं का?

तर पहिलाच दिवस, तिकडचं कँटीन... मी डबा उघडला. सकाळी स्वतः शिजवलेला भात, त्यावर सेरवामावशीनं बरणी भरून दिलेला शितो, सुक्या मासळीचा ठेचा, काळाकुट्ट, झणझणीत... असा वास सुटला! आणि समोरून वाउटर आला. वाउटर म्हणजे आम्हाला पंप-बिंप दाखवणारा तिथला साहेब, ताडमाड उंच, हातात थंडगार पावाचा तुकडा. माझ्या तोंडून गेलं, "या जेवायला!" तर म्हणतो, "खरंच? आभारी आहे." ...आणि बसला! अहो, बसला! काटा घेऊन आला! अर्धा डबा साफ! नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि वर म्हणतो, "फार छान." दुसऱ्या दिवशी पुन्हा! तुम्ही म्हणाल, बोलवायचंच नाही मग. जीभ ऐकते का हो? समोर माणूस उभा आणि आपण मुकाट्यानं खायचं? काय कुत्रं आहे का मी? रोज मी बोलवायचो, रोज तो बसायचा, आणि दुपारी त्या बांधावर उभं राहिलं की गुरगुरतोय तो समुद्र की माझं पोट, तेच कळायचं नाही.

शेवटी शिकलो. भिंतीकडे तोंड करायचं, डावा हात डब्याभोवती असा... मान खाली, गपागप. वाउटर आला, जरासा थांबला, गेला. जमलं! मनात म्हटलं, न्यार्को, सुधारलास बाबा.

आणि असा सुधारून घरी आलो. मावशीनं उकडलेल्या कंदांचं फुफू कुटलं होतं, शेंगदाण्याचा रस्सा, त्यात बोकडाचं मटण... मी पहिला घास बुडवतोय, तर दारात अजेमानमामा! आईचा थोरला भाऊ. त्याच्या शब्दाबाहेर आमच्या घरात कोंबडीसुद्धा अंडं घालत नाही. भाचा सुखरूप परतला म्हणून पूर्वजांना दारूची धार द्यायला गावाहून आलेला, उपाशीपोटी, काखेत बाटली. आणि मी काय करावं? मान खाली. डावा हात, अहो डावा!, वाडग्याभोवती. गपागप.

मावशीची पळी हवेतच राहिली. मामा उभा. वाट बघतोय. त्याला काय जेवायचं होतं? नुसत्या दोन शब्दांची वाट! शेवटी म्हणाला, "सेरवा, तिकडे समुद्राला भिंत घालतात म्हणे. हा ताटाला घालायला शिकून आला." आणि बाटली तशीच काखेत घेऊन चालता झाला. न ओतता! लाज वाटली हो... घास तसाच टाकला. मी मागं धावलो, तर मामानं वळूनही पाहिलं नाही. त्यानंतर निरोप नाही, फोन नाही. आणि मावशी? ताट आदळायची आणि विचारायची, "अजून काय काय शिकून आलास?"

आणि अशात, ऐका पुढे, कॉलेजच्या परतभेटीला कोण आलं? वाउटर! थेट घरी! पाहुणा बघायला म्हणून मामाही आला, काखेत तीच बाटली. माझ्याकडे बघितलंही नाही. मावशी रीतीप्रमाणे ताटाकडे हात करून वाउटरला म्हणाली, "या जेवायला!" मी डोळे मिटले... बसला! मावशी आधी दचकली, मग अशी खुलली, "अगंबाई! शब्दाला मान देणारा भेटला एक तरी!" तो खातोय, रडतोय, पुन्हा घेतोय. आणि मग बोलायला लागला. मामाला त्याची इंग्रजी कुठली कळायला? आपल्या भाषेत सांगायचं कुणी? मी!

"म्हणतोय... त्यांच्याकडे जो तो आपापला पाव घेऊन बसतो. म्हणतोय, इतकी वर्षं त्या कँटीनमध्ये जेवतोय, पण 'या जेवायला' असं कुणी म्हटलं नव्हतं. ह्या... ह्या पोरानं रोज म्हटलं."

मी थांबलो. मामा म्हणाला, "पुढे काहीतरी बोलला तो."

"म्हणतोय, मग एक दिवस हा बोलवायचा थांबला. माझं काय चुकलं, ते अजून कळलं नाही."

तुम्हाला सांगतो, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! ज्याच्यापासून मी डबा लपवला, तो माणूस स्वतःची चूक शोधत बसला होता! मामा माझ्याकडे बघत राहिला. मग बाटली काढली, जमिनीवर धार ओतली, भाचा सुखरूप घरी आला म्हणून पूर्वजांचे आभार मानले... कुठला भाचा, ते नाव घेतलं नाही.

तेवढ्यात मावशी वळली. इतक्या दिवसांनी गोड आवाजात, "ये रे न्यार्को, ये जेवायला." माझे डोळेच भरून आले! म्हटलं, आता दाखवून देतो, अजून तुमचाच आहे मी, रीतभात विसरलेलो नाही. पोटात कावळे कोकलतायत, मटणाचा वास येतोय, तरी हात जोडले आणि म्हणालो, "मावशी, हात आहे माझा त्यात."

मावशीनं वाउटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "बरं." आणि माझ्या वाटचा रस्सा वाउटरसमोर धरला.

आणि त्यानं... घेतला हो!