सगळं गाव कावळ्याकडे बघत होतं

मंडळी, ऐका! आपण म्हणतो, "बातमी ऐकली अन् काळीज फाटलं." हे नुसतं बोलण्यापुरतं, की दुःखाचा मार खरंच त्या आत धडधडणाऱ्या काळजाला बसतो? — लगेच माना हलवू नका! आधी गोष्ट ऐका.

कृष्णाकाठचं एक गाव. तिथं केशवअण्णांची पिठाची गिरणी. सकाळी हसत गिरणीत गेले, दुपारी तिथंच कोसळले — संपलं! बायको सगुणाक्का. डोळ्यांत टिपूस नाही! भेटायला येणाऱ्यांची तीच समजूत घालायची. लोक रडायला आले अन् डोळे पुसून घरी गेले. "बाई केवढी खंबीर!"

दहाव्याला घाटावर पिंड ठेवले. आता कावळा शिवायचा. कावळे झाडावर ऐटीत! अण्णांचे धाकटे भाऊ, बापूकाका, हात जोडून म्हणतात, "अण्णा, गिरणी चालू ठेवतो!" — कावळा ढिम्म. "कुमुदचं लग्न थाटात करतो!" — ढिम्म! सगळं गाव माना वर करून झाडाकडे बघतंय.

इकडे आक्कांनी छाती धरली. दरदरून घाम! "कुमुद, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय गं."

बापूकाका मान न वळवता म्हणाले, "दुःख आहे ते, वहिनी. कावळा शिवला की मोकळं वाटेल."

लेक उठली. "काका, मी आईला दवाखान्यात नेते."

"अगं, कावळा शिवायच्या आधी? बापाचा जीव अडकलाय तिकडं!"

"बाबा थांबतील, काका. आई थांबायची नाही!"

शाबास पोरी! जीप काढली, तालुका गाठला. डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. पण धक्क्यानं हृदयाचा जोर कमी झालाय. बहुतेकांचं भरून येतं, पण सुरुवातीला धोका असतो. वेळेवर आणलंत."

"रडली नाही म्हणून झालं का हो?"

"रडणाऱ्यांनाही होतं. छातीत दुखलं की ते दुःख की आणखी काही, हे घरी ठरवायचं नाही."

संध्याकाळी बापूकाका आले. कुमुदनं विचारलं, "शिवला?"

"नाही गं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला अन् पिंडाला लावला. तशी सोय असते."

"मग ही सोय सकाळी का नाही आठवली, काका?"

बापूकाका वहिनींच्या पायाशी बसले अन् ढसाढसा रडले. आक्का वाचल्या होत्या.

मंडळी, कावळा नाही आला तर दर्भाचा करता येतो. सगुणाक्का दर्भाची करता आली असती? तुम्हीही कुणाला तरी "खंबीर आहे" म्हणून दुःखाच्या घरात एकटं सोडून आलाय! टाळ्या राहू द्या. उद्या सकाळी तिथं जा अन् तोंडाकडे बघून विचारा — "छातीत दुखत नाही ना तुमच्या?"