बक्षीस मिळालेल्या गोष्टीतली आई

बसच्या रांगेत माझ्या पुढे मायलेकी उभ्या होत्या. विद्यापीठाच्या इंग्रजी विभागाचं कथालेखनाचं पहिलं बक्षीस लेकीला नुकतंच मिळालं होतं. मानचिन्ह आईने छातीशी धरलं होतं.

“तू गोष्ट वाचत होतीस तेव्हा सगळे माझ्याकडे वळून वळून का बघत होते गं?”

“आईवर आहे ना ती.”

“माझ्यावर? अगं, मग आधी नाही का सांगायचं?”

“चांगलंच लिहिलंय.”

“एक बाई तर माझा हात धरून रडली. इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मी आपलं थँक्यू म्हटलं.”

“आई, गोष्टीत आई शेवटी जाते.”

“कुठे?”

“जाते म्हणजे... वारते.”

“मी? मधल्या रांगेत चांगली धडधाकट बसले होते की!”

“गोष्ट आहे गं. परीक्षकांना शेवटच आवडला.”

“आवडणारच. त्यांचं काय जातंय? कशाने गेले मी?”

“न्यूमोनियाने.”

“फार हाल नाही ना केलेस?”

“नाही गं. झोपेतच.”

“आणि बाबा?”

“ते रडतात. तुझा स्वेटर मांडीवर घेऊन, रात्रभर.”

“आपले बाबा?”

“गोष्टीतले.”

बस आली. रांग पुढे सरकली, आई मात्र जागची हलली नाही.

“घरी गेल्यावर मला मराठीत वाचून दाखव.”

“सगळी?”

“नको. ते रडतात तेवढंच.”