पडवीत वाळत घातलेलं चित्र

...आणि वर मलाच विचारतो, "बाबा, तुम्हाला ह्यात काय दिसतं?" अरे मेल्या, गोणपाट दिसतं! गोणपाटावर चिकटवलेला काथ्या दिसतो, तांबडी माती दिसते, भाताची खळ दिसते, आणि तुझ्या आईने कालवणासाठी ठेवलेली आमसुलं दिसतात! तुम्हीच सांगा, चित्र म्हटलं की त्यात काहीतरी दिसायला नको?

तुम्हाला सांगतो, माझा जन्म गेला गलबतं रंगवण्यात. नाटे गावापासून दाभोळपर्यंत कुठल्याही बंदरात जा, गलबताच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कमळ दिसलं की समजायचं, हे आत्मारामचं काम. कमळ म्हणजे कमळच, त्याला कोणी भोपळ्याचं फूल म्हणणार नाही. हा आमचा लवू लहानपणी माझ्याच हाताखाली ब्रश धरायला शिकला. म्हटलं, पोराचा हात बरा आहे, मुंबईला चित्रकला शिकेल, शाळेत ड्रॉइंग मास्तर होईल, पेन्शन खाईल. आगबोटीत बसवून दिला हो. आणि परत आला तो हे खूळ घेऊन! म्हणतो, "बाबा, कमळ तळ्यात आहेच, मी पुन्हा कशाला काढू? ते बघून मला जे वाटतं ते काढतो." आता वाटतं ते काढायला आमसुलं कशाला लागतात, हे विचारायची सोय नाही.

बरं, काढतोस तर काढ, माळ्यावर ठेव. ते नाही. पडवीत वाळत घालायचं. आणि त्याच दिवशी देवरूखचे रावजी आमचं घर बघायला यायचे होते. त्यांची लेक दमयंती, इतकी गुणाची मुलगी... आणि लवूला आलेली आधीची तीन स्थळं 'मुलगा करतो काय?' एवढ्या एका प्रश्नावर उठून गेलेली. काय सांगायचं? गोणपाटाला माती फासतो म्हणून? आमच्या हिने तर ग्रामदेवतेला नवस बोलून ठेवला होता. मी लवूला हात जोडले, "आज एक दिवस माणसासारखा बस." बसला हो. चित्र मात्र पडवीत तसंच!

रावजी आले. पायांवर पाणी घेतलं. समोर बघतात तर जमिनीवर गोणपाट पसरलेलं... माणूस काय करेल? तुम्ही काय केलं असतंत? पुसले त्यांनी पाय! चांगले घासून, टाचांसकट! आणि लवूने सकाळीच त्यात ओतला होता फणसाचा चीक. रावजी पाय उचलतायत तर गोणपाट पायाबरोबर वर. म्हटलं गेलं, चौथंही स्थळ गेलं.

तेवढ्यात लवू धावला. मला वाटलं, आता चित्राची माती केली म्हणून भांडणार. तर ह्याने रावजींच्या पायाशी बसकण मारली, घोटा धरला, आणि म्हणतो कसा, "हलू नका. हेच राहिलं होतं." मग खोबरेल घेऊन एकेक बोट सोडवायला लागला, अगदी हळूहळू... ठसा मोडू नये म्हणून हो! पायाची कोणाला पडलीय? पण रावजींना काय कळणार? त्यांनी लवूच्या डोक्यावर हात ठेवला. "आत्मारामशेट, पुष्कळ घरं बघितली मी. पायांवर पाणी सगळ्यांनी दिलं, पायाला हात ह्या एकट्यानेच लावला. दमयंती तुमची." मी लगेच गूळ पुढे केला. खरं बोलून पोराचं लग्न मोडू?

रावजींची गाडी वळली आणि मी त्या गोणपाटाकडे बघितलं. चित्र म्हटलं की त्यात काहीतरी दिसायला नको? म्हटलं चला, निदान दोन पाय तरी दिसले.

लवू शेजारी येऊन उभा राहिला. "बाबा, लग्नाला माणसं किती येतील?" मला इतकं बरं वाटलं सांगू... म्हटलं, अक्कल आली, जबाबदारी कळली. "दोनशे तरी धर," म्हटलं. तर मांडवाच्या जागेकडे बघत म्हणतो, "मग गोणपाट मांडवभर लागेल."

सून तर पाहिजे. गोण्या आणायलाच निघालोय बाजारात. तुम्ही सगळ्यांनी लग्नाला यायचं बरं का, बायकामुलांसकट यायचं... फक्त येताना अनवाणी या.