मंजूर झालेला माणूस

नाही, पण मी म्हणतो, निदान डोळे तरी फिरवायचे ना माणसानं! वाचू नका, समजून घेऊ नका, नुसते डोळे फिरवा... तेवढंही नाही! तुम्हाला सांगतो, आमची कंपनी लिस्टेड, शेअरबाजारातली, लोकांचा पैसा, त्यामुळे हिशेबावर पहारा, ऑडिटवाले ज्याला 'कंट्रोल' म्हणतात, तो कसा, तर तिहेरी! एकानं व्हाउचर बनवायचं, दुसऱ्यानं तपासायचं, तिसऱ्यानं मंजूर करायचं. दुसरा म्हणजे मी. तपासून तपासून चष्म्याचा नंबर वाढला माझा! तिसरे आमचे साहेब. सकाळी येतात, कॉम्प्युटर उघडतात, एका फटक्यात अख्खी यादी निवडतात, हिरवी टिक मारतात आणि चहा मागवतात! एकदा भीत भीत म्हटलं, "साहेब, जरा उघडून बघितलं असतंत तर..." तर म्हणतात कसे, "तुझी सही आहे ना? मग झालं!"

बरं, जो बनवतो तो काय म्हणतो? "चुकलं तर तुम्ही बघालच की काका!" म्हणजे तो बघत नाही कारण मी बघणार, आणि साहेब बघत नाहीत कारण मी बघितलंय... तिहेरी पहारा म्हणे! दोघं घोरतायत आणि जागा मी एकटा!

त्यात वर्षअखेरीला ऑडिटसाठी माझ्यापुढे कागद आला. काय, तर 'साहेब प्रत्येक व्हाउचर तपासूनच मंजूर करतात, असं मी जबाबदारीनं लिहून देतो.' मी? कसं लिहून देऊ? उद्या काही निघालं तर मान कुणाची अडकणार? घरी बायकोला सांगितलं, तर ती, "अहो, रिटायर व्हायला आलात, आता कुठे हरिश्चंद्र व्हायला निघालात? बाकीच्यांच्या सह्या आहेत ना? मग झालं!"

घ्या! घरीसुद्धा तेच!

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, पुरावाच देतो. आमच्याकडे राजीनामाही साहेबांच्या त्याच यादीत जातो, तर दिला ढकलून माझाच राजीनामा! कारण लिहिलं, 'साहेब काहीही न वाचता मंजूर करतात म्हणून.' आणि बसलो मनात मांडे खात... साहेब दचकणार, धावत येणार, "अरे, हे काय!" म्हणणार... कसलं काय! चहा यायच्या आत टिक!

आणि मग काय वेग हो! आमच्या खोलीतल्या पंख्याचा अर्ज वर्षभर फिरतोय, पंखा नाही फिरत, पण माझा राजीनामा? एचआर, टिक! कॉम्प्युटरवाले, टिक! दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड लावलं तर लाल दिवा. वॉचमनला म्हटलं, "अरे, रोज नमस्कार करतोस ना मला?" तो बिचारा म्हणतो, "मी ओळखतो हो काका, गेट नाही ओळखत." पाहुण्यांचा पास काढून आत गेलो. माझ्याच ऑफिसात... पाहुणा!

साहेब म्हणतात, "अरेच्चा! गेलास का तू? सांगायचंस तरी!" म्हटलं, "तुम्हीच मंजूर केलंत!" "असेल, असेल. मागे घे ना मग." मागे घ्यायला लॉगिन लागतं. लॉगिन बंद. ते उघडायला काय लागतं? नोकरी! आता बोला!

तेवढ्यात ऑडिटरबाई आल्या, फाइल छातीशी धरून, चेहऱ्यावर आनंद मावत नाही. मलाच म्हणतात, "सर, काय सुंदर कंट्रोल आहे! माणूस गेला, त्याच दिवशी प्रवेश बंद! रिपोर्टमध्ये तुमचंच उदाहरण घेतेय." म्हटलं, "अहो बाई, माणूस का गेला ते वाचा की!" तर म्हणतात, "कारण आमच्या तपासणीत येत नाही, सर." इतकी वर्षं मी कंट्रोल सांभाळले, त्यातला एकच खरा चालला... तो माझ्यावर! रडू आलं हो मला, खरंच आलं.

निघालो. तर गेटवर वॉचमन म्हणतो, "काका, पासावर साहेबांची सही आणा, त्याशिवाय बाहेर सोडता येत नाही." परत वर! साहेब म्हणाले, "देतो की. आधी तू या कागदावर कर." कागद चांगला लांबलचक, बारीक अक्षर... आणि आयुष्यभर तपासणारा मी, खिशातून चष्मासुद्धा काढला नाही. केली सही.

खाली वॉचमननं विचारलं, "काका, कसल्या कागदावर सही घेतली हो?"

म्हटलं, "मला काय ठाऊक? तुझ्या पासावर साहेबांची सही आहे ना? मग झालं!"