मधुभाऊची वाळवंट रॅली

वाळवंटातल्या रॅलीच्या गप्पा मले नोका सांगू. करडी गावाजवळ नदीच्या रेतीत रॅली झाली, तेव्हा रॅलीच्या संस्थापकाच्या बाजूच्या सीटवर मीच बसून होतो.

संस्थापक म्हणजे आमचा मधुभाऊ. जवानीत देशभर जीपा पळवून कप जिंकले. म्हातारपणी गावी आला अन् म्हणे, "राजस्थान कायले पायजे? उन्हाळ्यात आपली नदीच वाळवंट आहे." सात जीपा आल्या. वेळ धराले माणूस नव्हता, म्हणून शंकरपटात छकडीले जुंपलेल्या बैलांच्या शर्यतीची वेळ धरणारे गणपतबुवा घड्याळ देऊन बसवले.

आम्ही सगळ्यात पुढे. शेवटची झेंडी समोर दिसत होती अन् जीप रेतीत फसली. मधुभाऊ एक्सलेटर दाबे तशी आणखी खाली जाये.

"भाऊ, बैल आणू का?"

"मी रेसर आहो बे! बैलानं ओढून घेऊ?"

तेवढ्यात मागं दुसऱ्या जीपचा धुरळा दिसला.

"आण ना बे लवकर!"

गावातल्या डोमाजीची शंकरपटाची बैलजोडी काठावरच्या हौदात पाणी पिऊन राहिली होती. आणून जीपले बांधली. आता पटाचे बैल, समोर झेंडी अन् लोकायचा कल्ला. थांबतेत का ते? आम्हाले जीपसकट रेषेपार नेऊन सोडलं!

मधुभाऊ ऐटीत कप घ्याले गेला. गणपतबुवानं कप डोमाजीच्या हातात ठेवला.

"बुवा, काहून? रॅली माही, जीप माही!"

"असन बाप्पा. पण बक्षीस जोडीले भेटते, मागच्या छकडीले नाही."