तटावरून उतरलेली टोपली

ऐका. आणि रघ्या, ती विडी विझव. जाळी विणून झाली असतील तर नीट बसा सगळे.

ही गोष्ट आपल्या बंदरातली नाही. मी बोटीवर खलाशी होतो ना, तेव्हा आमचा स्वयंपाकी चिनी होता. त्यानं सांगितलेली. सांगताना रडला होता तो, खोटं नाही.

चीनमध्ये सुइयांग म्हणून जुनं शहर. केवढा त्याचा तट! बादशहाच्याच एका सरदारानं बंड केलं आणि या शहराला वेढा घातला. दरवाजे बंद. आत दाणा नाही. लोकांनी झाडांच्या साली खाल्ल्या. उंदीर खाल्ले. हसू नको गं शेवंता, भूक तू बघितली नाहीस.

तिथं वेन नावाचा कुंभार होता. घरात म्हातारी आई आणि एक बोबडी पोर. बायको आधीच गेलेली. एका रात्री तो टोपलीत बसून दोरानं तटाखाली उतरला. आईला म्हणाला, "चार दाणे राळ्याचे तरी घेऊन येतो. तोवर पोरीला सांभाळ." गेला. पण वाटेत बंडवाल्यांच्या चौक्या! लपत छपत परत यायला फार उशीर झाला.

पाठीवर राळ्याची गोणी घेऊन अंधार पडल्यावर तो तटाखाली आला. सगळं सामसूम. कुत्रंसुद्धा नाही. वरून आवाज आला, "कोण?"

"मी वेन. कुंभारआळीतला."

सर्‌कन टोपली खाली आली. वेननं ओंजळी भरभरून राळे घातले. टोपली वर. लगेच खाली. रिकामी! पुन्हा भरली. पुन्हा रिकामी! आता शेजाऱ्याचा आवाज, "अजून घाल रे." मग दुसराच कुणी, "अजून!" मग दहा जण, वीस जण, "अजून! अजून!"

"माझी आई कुठाय?" वेननं विचारलं. वरून पुन्हा तेच, "अजून!"

गोणी संपली. आणि मग वरून पोरीचा आवाज आला. "बाबा, तुम्ही वर या. टोपलीत बसा."

बसला! बाप तो, बसणारच. दोर वर चालला. अर्ध्यावर आल्यावर त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपली पोर बोबडी. ही तर स्पष्ट बोलते! ही आपली पोर नव्हेच.

त्यानं खाली पाहिलं. चांदण्यात खंदकाच्या काठावर त्याचे राळे सांडलेले. सगळेच्या सगळे. वरचे बिचारे टोपली ओढून घेत होते, पण मेलेल्यांच्या हातात दाणा ठरत नव्हता.

वर पाहिलं. बाबांनो, तटभर हात! नुसती लाकडं झालेले हात. सगळे त्याच्याकडे. "भूक लागलीय... भूक लागलीय..."

वेननं टोपलीची कड घट्ट धरली. इतक्यात त्या हातांतून एक म्हातारी पुढे घुसली. त्याची आई. "सोडा त्याला. माझा आहे तो."

कुणी सोडेना. तिनं कमरेची सुरी काढली, दोरावर धरली आणि खाली वाकून विचारलं, "वेन, जेवलास का?"

"नाही आई. तुमच्यासाठीच आणलं होतं गं."

"तू खा. आम्ही जेवलो. पोरगीही जेवली."

आणि तिनं दोर कापला.

वेन खंदकाच्या चिखलात पडला. पाय मोडला, जीव वाचला. उजाडल्यावर कळलं, शहर कधीच पडलं होतं. तटावर बंडवाल्यांची निशाणं होती. आत त्याच्या आळीतलं कुणीही उरलं नव्हतं.

मेली, तरी म्हातारी पोराशी खोटंच बोलली. मला अजून सहन होत नाही हे.

तेव्हा ऐका. बोटीनं कुठंही जा, पण त्या तटाखालच्या वाटेनं रात्री जाऊ नका. टोपली खाली आली, कुणीही हाक मारली, तरी बसू नका. दोर कापायला तिथं तुमची आई नाही.